एक भिंत, एक लायसन्स आणि शंभर वर्षांचं भांडण

गेल्या वर्षी दिवाळीच्या आसपास आम्हाला फ्लॅटचा ताबा मिळाला. पुण्यात, हिंजवडीपासून "फक्त वीस मिनिटांवर" (बिल्डरच्या घड्याळात). ईएमआय सुरू झालेला, जुन्या घराचं भाडं चालूच, आणि त्यात प्रत्येक नातेवाईकाचा एकच प्रश्न, "मग, इंटिरियर कधी?" आईबाबांच्या वेळी असं काही नव्हतं. साताऱ्याच्या घरात लोखंडी कपाट आलं, पलंग आला, सुतारकाकांनी दोन फडताळं करून दिली, की घर लागलं. आता घर लागत नाही, त्याचं इंटिरियर करावं लागतं.

तर रीतसर एक डिझायनर मॅडम आल्या. लॅपटॉप, टेप, लॅमिनेटचे कॅटलॉग, सगळा सरंजाम. चार दिवसांनी त्यांनी थ्रीडी दाखवलं तेव्हा घर इतकं देखणं दिसत होतं की ते आमचंच आहे यावर विश्वास बसेना. नीट बघितल्यावर लक्षात आलं की हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंतच गायब आहे. "सर, ही भिंत काढून टाकू. ओपन किचन. घर एकदम मोठं वाटेल." बायको खूश, मीही खूश. कोटेशनमध्ये तेवीस ओळी होत्या, त्यातली एक भिंत पाडून राडारोडा उचलण्याची. मी ती ओळ वाचली आणि पुढे गेलो. माझं सगळं लक्ष प्लायवूडच्या दरावर होतं!

त्या रविवारी बाबा फ्लॅट बघायला आले ते सोबत आमच्या त्याच सुतारकाकांना घेऊन. काका आता सत्तरीला टेकलेत. त्यांनी थ्रीडीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीजवळ गेले, बोटाच्या पेरांनी टकटक केलं. मग शेजारच्या भिंतीवर टकटक. मग परत पहिलीवर.

"दादा, ही विटंची न्हाई. सगळं कांक्रिट हाय. हिला हात लावू नका."

बिल्डरच्या ऑफिसात फोन केला. काका बरोबर होते. आमची बिल्डिंग मिवान पद्धतीची आहे, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच काँक्रीटमध्ये ओततात. जुन्या बिल्डिंगमध्ये भार खांब आणि तुळया पेलतात, मधल्या विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला असतात. मिवानमध्ये भिंतच भार पेलते. आमच्या डोक्यावर अजून अकरा मजले आहेत. म्हणजे ओपन किचनसाठी आम्ही अकरा मजल्यांच्या पायाखालची गोष्ट पाडायला निघालो होतो, आणि तीही कोटेशनमधली सगळ्यात स्वस्त ओळ म्हणून!

रात्री झोप लागेना. मॅडमकडे इंटिरियर डिझाईनचा डिप्लोमा होता. काका सातवी पास. भिंत वाचवली कोणी? बाबा वीज मंडळातून रिटायर झालेले, त्यांनी जेवताना सहज विचारलं होतं, "अरे, वायरिंग करणाऱ्याला आमच्याकडे लायसन्स लागायचं. ह्यांना काही लागतं की नाही?" मला उत्तर माहीत नव्हतं. मग गूगलबाबाला शरण गेलो. पुढचे चार वीकेंड त्यात गेले (फर्निचर अजून व्हायचंय). आणि कळलं की बाबांच्या ह्या एका प्रश्नावरून तिकडे अमेरिकेत लोक कोर्टापर्यंत गेलेत, आणि आपल्याकडे तो प्रश्न अजून नीट विचारलाच गेलेला नाही.

*

आधी थोडा इतिहास. श्रीमंतांची घरं सजवणारे लोक पूर्वीपासून होतेच, पण तो वेगळा व्यवसाय नव्हता. युरोपात एकतर आर्किटेक्ट घराच्या आतलंही ठरवायचा, नाहीतर पडदे-गाद्या-खुर्च्या बनवणारा दुकानदारच सगळं घर लावून द्यायचा. इंग्लंडमधल्या थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये आपल्या फर्निचरच्या डिझाईन्सचं पुस्तक काढलं. थोडक्यात, आजच्या कॅटलॉगचा खापरपणजोबा. सल्ला फुकट, पैसे मालाचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेगळा व्यवसाय म्हणून हे काम उभं केलं ते बायकांनी. लंडनमध्ये ॲग्नेस गॅरेट आणि ऱ्होडा गॅरेट या चुलत बहिणींनी १८७० च्या दशकात घरसजावटीची स्वतःची फर्म काढली. ॲग्नेसची एक सख्खी बहीण एलिझाबेथ ही ब्रिटनमधल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक, तर दुसरी मिलिसेंट ही बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढलेली मोठी नेता. घराणंच तसलं! या दोघींना आर्किटेक्टच्या ऑफिसात शिकायचं होतं, पण बाईला उमेदवारीवर घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी एका आर्किटेक्टने घेतलं, तिथे शिकल्या आणि १८७६ मध्ये घरसजावटीवर पुस्तकही लिहिलं. अमेरिकेत कँडेस व्हीलर या बाईंनी १८९५ मध्ये तर थेट मांडणी केली की घरसजावट हा स्त्रियांसाठी पोटापाण्याचा प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकतो. आर्किटेक्चरचं दार बंद होतं, म्हणून बायका खिडकीतून आत आल्या, असं म्हणा हवं तर.

पण खरी स्टार म्हणजे एल्सी द वुल्फ. ही न्यूयॉर्कची नटी. नाटकातल्या कामापेक्षा तिच्या कपड्यांचीच चर्चा जास्त व्हायची. १९०५ मध्ये तिला कॉलनी क्लब या बायकांच्या क्लबच्या अंतर्गत सजावटीचं काम मिळालं. इमारतीचा आर्किटेक्ट स्टॅनफर्ड व्हाईट तिच्या पाठीशी उभा राहिला. ना डिग्री, ना अनुभव. १९०७ मध्ये क्लब उघडला तेव्हा लोक बघतच राहिले. त्या काळची श्रीमंत घरं म्हणजे जाड मखमली पडदे, काळपट लाकूड, सामानाची खच्चून गर्दी. हिने हलके रंग वापरले, फुलाफुलांचं सुती कापड वापरलं, एका खोलीत तर चक्क बागेतल्यासारख्या लाकडी जाळ्या लावल्या. उजेड आत आला! १९१३ मध्ये तिचं पुस्तक निघालं, तेही गाजलं.

त्याच सुमाराला हेन्री क्ले फ्रिक या पोलादसम्राटाने आपल्या न्यूयॉर्कच्या बंगल्यातल्या वरच्या मजल्याचं काम तिला दिलं. मानधन होतं खरेदीवर दहा टक्के कमिशन. फ्रिकसारखा माणूस पॅरिसमध्ये फ्रेंच राजांच्या काळातलं फर्निचर विकत घेणार आणि त्यावर हिला दहा टक्के. एल्सीबाई मालामाल झाल्या.

मला ह्या गोष्टीत एक मेख दिसते. व्यवसायाच्या अगदी पहिल्या मोठ्या नावालाच पैसे मिळाले ते डिझाईनचे नव्हेत, खरेदीचे. चिपेंडेलच्या काळापासून तेच, सल्ला फुकट, पैसे मालाचे. शंभर वर्षांनी आमच्या कोटेशनमध्येही तेच. डिझाईन फी या रकान्यात मोठ्या अक्षरात "शून्य" लिहिलं होतं. मी तेव्हा खूश झालो होतो. आयटीवाला असून कळलं नाही की फुकट सॉफ्टवेअरचे पैसे कुठूनतरी वसूल होतातच!

*

पुढची पन्नास वर्षं ह्या मंडळींनी एका गोष्टीसाठी घालवली, ती म्हणजे लोकांनी आम्हाला सिरियसली घ्यावं. श्रीमंत बाईचा टाईमपास, पडदे आणि उशा निवडणारे लोक, ही इमेज काही पुसेना. १९३१ मध्ये मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या फर्निचरच्या गावात त्यांची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. नावात "डेकोरेटर" हा शब्द होता. १९६१ मध्ये तो काढून "डिझायनर" केला. १९५७ मध्ये दुसरी संस्था निघालेली होतीच (दोन माणसं असली की दोन संस्था, हे फक्त मराठी माणसाचं नाही तर!). १९७५ मध्ये दोन्ही एकत्र येऊन आजची अमेरिकन सोसायटी ऑफ इंटिरियर डिझायनर्स झाली.

शब्द बदलायचं कारण नुसती फॅशन नव्हती. काम खरंच बदललं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत काचेच्या उंच ऑफिस बिल्डिंगा उभ्या राहायला लागल्या आणि आत शेकडो माणसं कशी बसणार हा प्रश्न आला. फ्लॉरेन्स नॉल ही आर्किटेक्चर शिकलेली बाई. नवऱ्याच्या फर्निचर कंपनीत तिने प्लॅनिंग युनिट नावाचा विभाग चालवला. तिची माणसं आधी जाऊन कर्मचाऱ्यांना विचारायची की तू दिवसभर काय करतोस, कोणते कागद लागतात, कोणाशी बोलावं लागतं. त्यावरून टेबल, कपाटं, जाण्यायेण्याच्या वाटा ठरायच्या. आपल्या भाषेत रिक्वायरमेंट गॅदरिंग! मी डेकोरेटर नाही, असं तिने १९६४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सला ठणकावून सांगितलं होतं. आज आपण ज्या क्युबिकलमध्ये बसून शिव्या घालतो त्याचं पाप तिच्या माथी मारू नका. ते नंतरच्यांनी स्वस्तात उरकलेलं काम आहे.

म्हणजे एकीकडे व्यवसाय मोठा होत होता. पण दुसरीकडे एक गोष्ट घडत होती जिच्याबद्दल ह्या ग्लॅमरच्या गोष्टींत फारसं कोणी बोलत नाही. आग.

२८ नोव्हेंबर १९४२. बॉस्टनमधला कोकोनट ग्रोव्ह हा नाईट क्लब. शनिवारची रात्र, आत क्षमतेपेक्षा खूप जास्त गर्दी. सजावट नावाप्रमाणेच, खोटी ताडामाडाची झाडं आणि छताला ताणून लावलेलं कापड. तळघरातल्या बारमध्ये आग लागली ती ह्या सजावटीवरून धावत वर आली. मुख्य दार गोल फिरणारं, ते माणसांच्या लोंढ्याने अडकलं. बाकीची काही दारं कुलूपबंद, काही आतल्या बाजूला उघडणारी. ४९२ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत नियम बदलले. फिरत्या दाराच्या बाजूला साधी दारं हवीत, बाहेर पडायची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, सजावटीचं सामान सहज पेट घेणारं नको. तरीही २००३ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातल्या एका क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरचा फोम पेटला आणि १०० जण मेले. तो फोम आवाज बाहेर जाऊ नये म्हणून लावला होता. म्हणजे कोणीतरी तो निवडला, कोणीतरी विकला, कोणीतरी चिकटवला.

आणि आपल्याकडे? २९ डिसेंबर २०१७. मुंबईचं कमला मिल कंपाउंड, गच्चीवरची हॉटेलं. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे पडदे पेटले असं अग्निशमन दलाच्या अहवालात म्हटलं होतं. १४ जण गेले, बरेचसे आपल्याच वयाचे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि एक वर्गमित्र त्याच भागातल्या ऑफिसात इंटर्नशिप करत होता. त्या रात्री त्याला लावलेले फोन अजून आठवतात. तो घरी झोपलेला होता.

सांगायचा मुद्दा, पडदा कोणता लावायचा हा प्रश्न "टेस्ट"चा आहेच, पण फक्त टेस्टचा नाही.

*

इथून पुढे लायसन्सची गोष्ट सुरू होते. १९७४ मध्ये अमेरिकेत इंटिरियर डिझायनर्ससाठी एक पात्रता परीक्षा घेणारी संस्था निघाली. १९८२ मध्ये अलाबामा राज्याने पहिला कायदा केला. हा कायदा फक्त नावापुरता होता. काम कोणीही करा, पण अमुक पदवी लावायची तर नोंदणी हवी. मग काही राज्यं एक पाऊल पुढे गेली आणि म्हणाली की लायसन्स नसेल तर कामच करायचं नाही. फ्लोरिडाने १९९४ मध्ये हे केलं, अलाबामाने २००१ मध्ये.

ऐकायला बरं वाटतं. पण आता दुसरी बाजू बघा. वीस वर्षं लोकांची घरं छान लावून देणारी एखादी बाई, जिच्याकडे डिग्री नाही, ती एका सकाळी उठते आणि गुन्हेगार ठरते! अलाबामातल्या अशाच एका डिझायनर बाईंनी कोर्टात लढा दिला. २००७ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा राज्यघटनेच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. टेबलावर दिवा कुठे ठेवावा हे सांगायलाही सरकारी परवाना लागणार असेल तर ते अतीच झालं, असा सूर होता.

फ्लोरिडात भांडण जास्त रंगलं. २०११ मध्ये तिथल्या विधिमंडळात लायसन्स काढून टाकायचा प्रस्ताव आला, तेव्हा बाजू मांडायला आलेल्या एका डिझायनरने सांगितलं की चुकीच्या कापडातून हॉस्पिटलमध्ये जंतू पसरतात आणि लायसन्स काढलंत तर दरवर्षी होणाऱ्या ८८ हजार मृत्यूंना तुम्ही हातभार लावाल. लोक हसले. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. आकडा अवाच्या सवा होता हे खरं, पण हॉस्पिटलातल्या खुर्चीचं कापड पुसता येतं की नाही हा प्रश्न काही हसण्यासारखा नाही. अतिशयोक्तीने खऱ्या मुद्द्याचं किती नुकसान होतं याचं हे उत्तम उदाहरण.

शेवटी २०२० मध्ये फ्लोरिडाने सक्तीचं लायसन्स काढून टाकलं आणि त्या जागी ऐच्छिक नोंदणी आणली. घर सजवायला कोणालाही मोकळीक. पण ज्याला आपल्या नावाने ड्रॉइंगवर शिक्का मारून ती परवानगीसाठी सादर करायची आहेत, त्याने परीक्षा देऊन नोंदणी करावी. मला हे वाचल्यावर एकदम क्लिक झालं. इतकी वर्षं भांडण चाललं होतं ते "डिझायनर कोणाला म्हणायचं" यावर. उत्तर निघालं ते "सही कोण करणार" यात.

*

आता आपल्याकडे या. आपला इतिहासही अगदीच कालपरवाचा नाही. १९२३ मध्ये गोदरेजने लोखंडी कपाटं बनवायला सुरुवात केली आणि महाराष्ट्रातल्या निम्म्या संसारांचं इंटिरियर तिथेच संपलं :-) १९३० च्या दशकात मुंबईत मरीन ड्राईव्ह, चर्चगेट परिसरात आर्ट डेको पद्धतीच्या इमारती उभ्या राहिल्या. फ्लॅट ही नवीन वस्तू होती, त्यात राहायचं कसं हे लोकांना शिकवावं लागत होतं. म्हणून १९३७ मध्ये आर्किटेक्ट्सच्या संस्थेने मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये (म्हणजे एशियाटिक सोसायटीची ती भव्य पायऱ्यांची इमारत) "आयडियल होम" नावाचं प्रदर्शन भरवलं. आधुनिक स्वयंपाकघर, बाथरूम, नवं फर्निचर असं सगळं. आजच्या सॅम्पल फ्लॅटचे पूर्वजच.

मग येतं १९७२ साल. त्या वर्षी संसदेने आर्किटेक्ट्स ॲक्ट केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी मुंबईत इंटिरियर डिझायनर्सची संस्था स्थापन झाली, जी आज इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स म्हणून ओळखली जाते. एकाच वर्षी एकाला कायदा मिळाला, दुसऱ्याला संस्था. तेव्हापासून पन्नास वर्षं झाली, इंटिरियरवाल्यांसाठी आर्किटेक्टसारखा वेगळा कायदा नाही. उद्या मी माझ्या दारावर "इंटिरियर डिझायनर" अशी पाटी लावली तर मला कोणी अडवू शकत नाही. (माझी टेस्ट बघता बायको अडवेल.)

बरं, आर्किटेक्टचा कायदा तरी काय सांगतो? मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने एका निकालात स्पष्ट केलं की ह्या कायद्याचं कलम ३७ "आर्किटेक्ट" हे नाव लावण्यावर बंदी घालतं, त्या प्रकारचं काम करण्यावर नाही. म्हणजे नावाचं संरक्षण आहे, कामाचं नाही. इकडेही भांडण नावाचंच.

कोणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? तुम्ही आयटीवाले तरी कुठे लायसन्स घेऊन कोड लिहिता? अगदी खरं. माझ्या व्हिजिटिंग कार्डावर "इंजिनिअर" लिहिलंय, ते कोणत्या परीक्षेच्या जोरावर? आमच्या टीममधला सर्वात चांगला प्रोग्रॅमर बीएस्सी आहे. पण आमच्याकडे एक गोष्ट असते. कोडची प्रत्येक ओळ कोणी, कधी टाकली याची नोंद राहते आणि दुसऱ्या कोणीतरी तपासल्याशिवाय ती लाईव्ह जात नाही. रात्री दोनला सिस्टिम पडली तर फोन कोणाला करायचा हे माहीत असतं (दुर्दैवाने!). आमच्या भिंतीची ओळ कोणी तपासली होती? कोटेशनवर कंपनीचा लोगो होता, जीएसटी नंबर होता, "अटी लागू" होतं. सही कोणाचीच नव्हती.

हे काल्पनिक नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये सिद्धी साई ही चार मजली इमारत कोसळली आणि १७ माणसं गेली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात इमारतीच्या खांबांना धक्का लावला गेला, असा रहिवाशांचा आरोप होता. वरच्या मजल्यांवरच्या लोकांनी कोणत्याच कोटेशनला हो म्हटलं नव्हतं.

रेरा कायदा २०१६ चा. त्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तो दुरुस्त करून द्यायचा. छान आहे. पण ताबा घेतल्यानंतर आम्ही स्वतःच आणलेल्या माणसाने भिंत फोडली तर? बिल्डर हात वर करणार, आणि बरोबरच करणार. मग उरतो ग्राहक मंच. तो आहे, पण तो नुकसान झाल्यावर. पडलेली भिंत ग्राहक मंचात उभी करता येत नाही.

*

हे सगळं वाचून मी मॅडमना फोन केला. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीने. पण त्यांनी दुसऱ्या मिनिटाला कबूल केलं, "सर, चुकलं माझं. स्ट्रक्चरल ड्रॉइंग मी मागायला हवं होतं. मागितलं नाही." आणि मग आपली बाजू सांगितली. ती ऐकून मी जरा गप्प झालो.

त्या म्हणाल्या, लोक फोनवरच विचारतात, थ्रीडी फ्री आहे ना? डिझाईनची फी सांगितली की पुढचा मेसेज येत नाही. मोठ्या ऑनलाईन कंपन्या जाहिरातीत डिझाईन फुकट देतात, त्यांच्यासमोर एकटा माणूस काय टिकणार? मग फी प्लायवूडमध्ये, लॅमिनेटमध्ये घ्यावी लागते. दुकानदार कमिशन देतो. ते नाही घेतलं तर महिना निघत नाही, आणि घेतलं तर गिऱ्हाईकाला स्वस्त आणि चांगला माल कसा सुचवायचा? गेल्या दोन-तीन वर्षांत तर लोक एआयने बनवलेली चित्रं घेऊन येतात. "हे असंच पाहिजे." त्या चित्रात खांब नसतो, तुळई नसते, गॅसची पाईप नसते, कचऱ्याचा डबा तर कधीच नसतो. "सर, चित्रात भिंत काढायला काही लागत नाही हो."

इथे मला माझंही एक पाप आठवलं. मॅडमच्या आधी आम्ही आणखी दोन जणांकडून फुकट थ्रीडी करून घेतले होते. घ्यायचं कोणाकडून नव्हतंच, नुसत्या आयडिया पाहिजे होत्या. त्यातला टीव्ही युनिटचा एक आम्ही उचललाही. कोणी माझ्याकडून आठवडाभर फुकट डेमो करून घेतला आणि कोड दुसऱ्याला दिला तर मी काय म्हणेन? एल्सीबाईंच्या काळापासून गिऱ्हाईक डोक्याचे पैसे द्यायला तयार नाही, म्हणून डिझायनर मालात पैसे शोधतो, म्हणून गिऱ्हाईकाचा विश्वास बसत नाही, म्हणून तो डोक्याचे पैसे देत नाही. असा हा इन्फिनिट लूप आहे आणि त्यात ब्रेक टाकायची जबाबदारी थोडी आपलीही आहे.

मग लायसन्स हवं की नको? चार वीकेंडनंतर माझं मत असं झालंय. सगळ्या इंटिरियरवाल्यांना सरसकट लायसन्स लावलं तर डिप्लोमावाल्या मॅडम आत राहतील आणि टकटक करून काँक्रीट ओळखणारे काका बाहेर जातील. ते मला मान्य नाही. पण "काहीच नको, बाजार बघून घेईल" हेही मान्य नाही, कारण वरच्या अकरा मजल्यांवरचे लोक आमच्या बाजारात नाहीतच. पडद्याचा रंग, सोफ्याचा आकार यासाठी कोणाचाही परवाना नको. पण तीन गोष्टी अशा आहेत जिथे घर फक्त आपलं राहत नाही. भिंत-खांब-स्लॅबला हात लावणं, वायरिंग आणि गॅस, आणि जिथे लोक जमतात तिथे लावलेलं पेट घेणारं सामान. या तिन्हींत काम कोणीही करो, कागदावर एका माणसाची नावानिशी सही हवी, आणि ती सही करायचा अधिकार परीक्षेतून आलेला हवा. बाबांच्या वायरिंगवाल्याला पूर्वीपासून हेच लागू आहे आणि त्याने कोणाच्या कलेचा गळा घोटला गेलेला नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर आपल्याकडे आहेतच. फक्त इंटिरियरच्या कोटेशनमध्ये त्यांच्यासाठी ओळ नसते.

कायदा होईल तेव्हा होईल. आम्ही आमच्यापुरतं एवढं केलं की कोटेशन पुन्हा लिहून घेतलं. डिझाईन फीच्या शून्याच्या जागी खरा आकडा आला (बघून पोटात गोळा आला, पण दिला). प्लायवूडचं बिल थेट दुकानातून आमच्या नावाने. बिल्डरकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागवून मॅडमनी ते त्यांच्या ओळखीच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवलं आणि त्याने भिंतीत कुठे ड्रिल मारायचं नाही ते लाल पेनाने खुणा करून, सही करून दिलं. त्याची फी आमच्या टीव्ही युनिटच्या हँडल्सपेक्षा कमी होती.

भिंत जागेवर आहे. काकांनी तिच्यावर मसाल्याच्या बरण्यांसाठी एक अरुंद फडताळ करून दिलंय. ते ठोकण्याआधी त्यांनी लाल खुणांचा कागद मागितला, चष्मा लावून दोनदा बघितला, आणि मग मला म्हणाले, "ह्ये बरं केलंत दादा. आता मला टकटक करायला नको."

तुमच्या कोटेशनमध्ये ती ओळ आहे का, एकदा बघून घ्या.